'इंटरप्ले'ला जुगलबंदी म्हणावं का?

प्रश्न असा आहे: आधुनिक जाझमधल्या पियानो ट्रिओबद्दल (पियानो, बेस आणि ड्रम्स) मराठीत लिहिताना 'इंटरप्ले'साठी, म्हणजे तिघांनी एकमेकांचं ऐकत एकाच वेळी वाजवण्यासाठी, 'जुगलबंदी' चालेल का?

मला नाही वाटत. अडचण आकड्याची नाही. 'जुगल' म्हणजे जोडी हे खरं, पण तिघांसाठी आपण 'तिगलबंदी' कधीच घडवून ठेवलाय (कानाला जरा विनोदी लागतो, पण रुळलाय). अडचण भावाची आहे. जुगलबंदीत एकाने टाकलेलं दुसऱ्याने उचलायचं आणि जमलं तर वरताण करून दाखवायची. ट्रिओत तसंही घडतं. चार बार (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट) पियानोचे, चार ड्रम्सचे अशी पाळी लागते, तेव्हा 'सवाल-जवाब' अगदी नेमका बसतो. पण इंटरप्ले म्हणजे पाळी नव्हे.

मग 'साथ'? साथ म्हटलं की एक मुख्य कलाकार आलाच. बेस दर मात्रेला एक सूर टाकत चालतोय, ड्रमर ठेका धरून बसलाय आणि बोलतोय फक्त पियानो, अशा वादनाला साथ जरूर म्हणा.

जाझ पियानोवादक बिल इव्हान्सला नेमकं हेच बदलायचं होतं. एकामागून एक सोलो घेण्याऐवजी तिघांनी एकाच वेळी उत्स्फूर्त वाजवावं, ही त्याची ओढ. बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जाझ क्लबमध्ये २५ जून १९६१ रोजी झालेलं त्यांचं ध्वनिमुद्रण ऐका. लाफारो मात्रा मोजत चालत नाही. खालचा एक सूर लांबवून गप्प राहतो, मग एकदम वरच्या पट्टीत चढून पियानोच्या ओळीला ओळ जोडतो. मोशन ठेका सांगतच नाही, ब्रशने नुसती त्याची चाहूल देतो. लय तिघांच्या मनात पक्की असते, म्हणून ती कुणीच दाखवत बसत नाही. (अकराच दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५.)

याला मराठीत काय म्हणायचं? नामच हवं असेल तर 'देवघेव' बरा. 'संवाद' मी टाळतो. हल्ली तो इतक्या ठिकाणी वापरलाय की त्यातून काही ऐकूच येत नाही. पण खरं सांगायचं तर इथे नामापेक्षा क्रियापद जास्त कामाचं, आणि ते आपल्याकडे फार सुरेख आहे: जागा सोडणं, जागा घेणं. 'जागा सोडणं' म्हणजे मोकळी ठेवणं. आणि गाण्यातली 'जागा घेणं' म्हणजे तिथे सुंदर काही करून दाखवणं. ट्रिओत हे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात. 'पियानोने जागा सोडली आणि बेसने ती घेतली' असं लिहिलं की वाचणाऱ्याला रिकामी मात्राही दिसते आणि तिच्यात आलेली हरकतही. 'पियानो आणि बेस यांच्यात उत्तम इंटरप्ले झाला' या वाक्यात यातलं काय दिसतं?

आणि जाता जाता: जाझमधल्या 'कोरस'ला कृपया समूहगान लिहू नका. धून एकदा पूर्ण फिरली, बहुधा ३२ बारची, की एक कोरस झाला. त्याला आपलं 'आवर्तन' आयतं आहे.