निळा बांबू काळा का पडला?

प्रश्न : कोरियन पद्धतीच्या पांढऱ्या पोर्सिलेन बरणीवर कोबाल्टने (भाजल्यावर निळा होणाऱ्या रंगाने) बांबू रंगवला. भाजल्यावर पानं काळपट झाली. आणि तिथे बांबूच का काढत? – एक वाचक, लातूर

उत्तर : रंग जाड बसला. कोबाल्ट फार तीव्र असतो. फिक्क्या शाईइतका पातळ करा. ९०० अंश सेल्सिअसवर एकदाच भाजलेलं, ग्लेझ (काचेसारखा लेप) न दिलेलं भांडं पाणी लगेच ओढतं, म्हणून कुंचला थांबला की डाग पडतो. पान एकाच फटक्यात काढा : बुडाशी दाब, टोकाशी उचल. वर पारदर्शक ग्लेझ पातळच द्या, नाहीतर रेघ ओघळते. शेवटची भाजणी १२५०–१३०० अंशांवर.

कोरियाच्या जोसेओन राजवटीत (१३९२–१९१०) प्लम, ऑर्किड, शेवंती, बांबू हे विद्वानांचे ‘चार सज्जन’, म्हणजे सद्गुणांच्या खुणा. बांबू वाकतो, मोडत नाही. आपली दसऱ्याची शेवंती तिथे दंवातही फुलणारी, म्हणून निग्रहाची खूण. १७व्या शतकात कोबाल्ट मिळेना, तेव्हा लोहाच्या तपकिरी रंगात बांबू रंगला; तोही करून पाहाच.