रॅमच्या डब्यावर लिहिलेल्या स्पीडवर रॅम चालवली तर काही बिघडतं का?

एक्सएमपी म्हणजे रॅमला डब्यावरच्या स्पीडने चालवणारी सेटिंग. ती बिनधास्त चालू करा, रॅम जळणार नाही. मात्र चालू केल्यावर रात्रभर मेमरी टेस्ट लावल्याशिवाय त्या मशीनवर कामाचं काहीही ठेवू नका.

तुमचा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी आहे, रॅमच्या डीडीआर४ ३६०० च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक आहेत, टास्क मॅनेजर वेग २६६६ दाखवतो आणि लातूरचा दुकानदार म्हणतो की एक्सएमपी लावलं तर रॅम जाईल. परभणीत मी मशीन जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. हीच भीती घेऊन गिऱ्हाइकं सारखी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक स्टिकवर एक बारीकशी चिप असते आणि तिच्यात त्या रॅमचे वेग लिहून ठेवलेले असतात. एक साधा वेग, सगळीकडे चालेल असा, १.२ व्होल्टवर. दुसरा एक्सएमपीचा, तुमच्या बाबतीत ३६००, बहुतेक १.३५ व्होल्टवर. मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना साधा वेग धरतो. म्हणजे तुम्हाला फसवलेलं नाही, माल बरोबर आहे. व्होल्टेज वाढणार म्हटलं की माणूस दचकतो, पण कंपनीने त्या स्टिक त्याच व्होल्टेजला तपासून विकल्या आहेत.

खरी मेख पुढे आहे. रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, आणि ५६००जीसाठी तो बनवणारी कंपनी एएमडी ३२०० पर्यंतचीच हमी देते. त्यापुढचं सगळं तिच्या लेखी ओव्हरक्लॉकिंग. त्यातून प्रोसेसरला काही झालं तर वॉरंटी मिळत नाही. बहुतेक ५६००जी ३६०० आरामात ओढतात. पण रॅमवाल्याने हमी घेतलीय ती स्टिकची, तुमच्या प्रोसेसरची आणि बोर्डची नाही. ही जोडी जमली नाही तर काही जळत नाही. माहितीतला एखादा बिट उलटा होतो, म्हणजे ० चा १ किंवा १ चा ०, आणि ते कोणाला कळत नाही.

आमच्याकडच्या एका फोटो स्टुडिओचं मशीन असंच होतं. कधी हँग नाही, निळा स्क्रीन नाही. फक्त लग्नाच्या फोटोंची झिप उघडताना मधूनच सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) यायचा आणि एखाद्या फोटोचा खालचा अर्धा भाग करडा दिसायचा. हार्ड डिस्कवर संशय घेऊन त्यांनी ती बदलली, तरी तेच. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम लावला तर स्क्रीनवर लाल ओळींची रांग लागली. वेग ३६०० वरून ३२०० वर आणला, बाकी काही हलवलं नाही, आणि एरर थांबले. पण जे फोटो बिघडलेल्या अवस्थेत कॉपी झाले आणि ज्यांची मूळ कार्डं पुसून झाली होती, ते गेले ते गेलेच. त्या घरच्यांना हे सांगायची वेळ कोणावर येऊ नये. म्हणून टेस्टचा एवढा आग्रह धरतोय.

आधी दोन्ही स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत का बघा. बोर्डला दोनच स्लॉट असतील तर प्रश्न नाही. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) जा, एक्सएमपी निवडा (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात), सेव्ह करा. स्क्रीन थोडा वेळ काळा राहील, मशीन एक-दोनदा आपोआप रीस्टार्ट होईल, घाबरू नका. जमलं नाही तर बोर्ड सहसा स्वतःच जुन्या वेगावर येतो. नाहीच आला तर वायर काढून बोर्डवरचा गोल सेल थोडा वेळ बाहेर ठेवा. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घ्या. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्या पूर्ण होऊ द्या. एकही एरर आला तर नापास. ‘एखादा चालतो’ असं इथे नाही. मग वेग ३२०० करा आणि पुन्हा टेस्ट लावा. मशीन ३६०० वर असताना सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १८०० दिसेल, ते बरोबर आहे. तो निम्मा आकडा दाखवतो.

आपल्याकडे आणखी एक बघावं लागतं, ऊन. डीडीआर४ च्या चिपमधली माहिती दर ६४ मिलिसेकंदांत ताजी करावी लागते, आणि चिप ८५ अंशांच्या वर गेली की त्याच्या दुप्पट वेगाने. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतली बंद कॅबिनेट कशी तापते ते वेगळं सांगायला नको. दिवाळीत पास झालेलं मशीन मेमध्ये दुपारी एकदा पुन्हा तपासा.

दुकानदाराची भीती अगदी हवेतली नाही. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर खरंच जळाले होते. रॅमचा वेग वाढवताना काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला (ज्यात रॅमचा कंट्रोलर असतो) जादा व्होल्टेज देत होते. नंतर एएमडीने बायोस अपडेटमधून त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. तुमची पिढी वेगळी आहे, तरी बायोस जुना असेल तर अपडेट करून घ्या. फक्त मशीन यूपीएसवर असतानाच. मध्येच लाईट गेली तर बोर्ड बसेल.

नुसतं टॅली आणि टायपिंग असतं तर २६६६ वरच राहू द्या म्हटलं असतं. पण तुम्ही ग्राफिक्स कार्डाशिवाय व्हिडिओ एडिट करता, आणि ५६००जीचं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. दोन स्टिक मिळून २६६६ ला सेकंदाला साधारण ४२ जीबी, ३२०० ला ५१ आणि ३६०० ला ५७. तेव्हा ३६०० नापास झालं तरी ३२०० घ्यायला हळहळू नका. तिथेही एरर आले तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासा. जी नापास होईल ती बिलासकट दुकानात परत न्या.