ग्राहक मोबाइल नंबर बरोबर टाकतात, तरी फॉर्म 'चुकीचा नंबर' का म्हणतो?

बऱ्याचदा ग्राहक मराठी कीबोर्डवरून ९८ असे देवनागरी आकडे टाकतो आणि तुमची तपासणी फक्त इंग्रजी आकडे ओळखते. वेबपेजच्या जावास्क्रिप्ट भाषेत आकडा ओळखायची खूण म्हणजे 'बॅकस्लॅश डी' (\d); ती इंग्रजी 0 ते 9 सोडून दुसरं काही मानतच नाही. सोलापुरात चादरी-टॉवेलवाल्यांच्या ऑर्डर फॉर्मची कामं मी करतो. नवी पेठेतल्या एका दुकानात काउंटरवर बसून पाहिलं: काकांनी दहाही आकडे नीट टाकले, खाली लाल अक्षरं आली, त्यांनी तेच आकडे पुन्हा टाकले, मग फोन खिशात घालून म्हणाले, "राहू दे, मी उद्या येतो."

दुसरा चोर म्हणजे नंबरच्या रकान्याला घातलेली दहा अक्षरांची मर्यादा. कॉन्टॅक्टमधून पेस्ट केलेला नंबर +९१ आणि मधल्या जागेसकट येतो, त्यामुळे शेवटचे आकडे गुपचूप कापले जातात.

उपाय असे:
- मर्यादा सैल करा. आधी देवनागरी आकडे बदलून घ्या, जागा, डॅश, +९१ किंवा सुरुवातीचं शून्य काढा, मगच दहा मोजा.
- इनपुटचा, म्हणजे नंबरच्या रकान्याचा, टाइप 'टेल' (tel) ठेवा, म्हणजे मोबाइलवर थेट आकड्यांचं कीपॅड उघडतं.
- 'अवैध इनपुट' काय लिहिता? 'नऊच आकडे आलेत, एक राहिला' असं सांगा.

फक्त कीपॅडवर विसंबू नका. पेस्ट केलेला मजकूर त्याने अडत नाही, म्हणून हीच साफसफाई सर्व्हरवरही हवी.