डिझेल की पेट्रोल? कॅम्पर ओढणाऱ्या ट्रकविषयी वाचकांचे प्रश्न

सुट्ट्यांचा मोसम जवळ आला की टपालात पिकअप आणि कॅम्परचे (ट्रकमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचे) प्रश्न वाढतात. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच पेचाची आहेत, म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. अमेरिकेत ज्याला ‘गॅस’ म्हणतात त्याला आम्ही इथे पेट्रोल म्हटलं आहे. स्वयंपाकाच्या गॅसशी घोटाळा नको.

प्रश्न : चौघांचं कुटुंब. १२,००० पौंड मंजूर वजनाचा फिफ्थ व्हील कॅम्पर (ज्याचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यातल्या जोडणीवर टेकतो) घेतोय. डीलर म्हणतो, पाऊण टनी डिझेल ट्रक १५,००० पौंड सहज ओढतो, तेव्हा डोळे मिटून घ्या. घ्यावा का?

डोळे उघडा आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरच्या माहितीचा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त होऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. हा त्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला ‘ओढण्याचा’ आकडा इंजिनाची आणि चेसिसची ताकद सांगतो. पाठीवर किती पेलेल, ते हा स्टिकर सांगतो, आणि फिफ्थ व्हीलमध्ये आधी पाठच बसते.

हिशोब मांडून बघू. फिफ्थ व्हीलच्या वजनापैकी साधारण २० ते २५ टक्के भार पिनवाटे (कॅम्परच्या पुढच्या खुंटीवाटे) ट्रकवर येतो. १२,००० चे २० टक्के धरले तरी २,४०० पौंड. हिच (हौद्यातली जोडणी) १५० पौंड, चार माणसं ५५०, हौद्यातली अवजारं, लाकडं, कूलर मिळून १५०. झाले ३,२५०.

आता ट्रक. २५० किंवा २५०० क्रमांकाच्या पाऊण टनी (हे नुसतं वर्गाचं नाव) ट्रकचं एकूण मंजूर वजन बऱ्याचदा नेमकं १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं, कारण १०,००१ पासून ट्रकचा वजनवर्ग बदलतो. चार दारांचा, फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल ट्रक रिकामाच ७,७०० च्या आसपास भरला, तर पेलोड उरला २,३००. तुम्ही साडेनऊशे पौंडांनी वर. तोच ट्रक पेट्रोलचा घेतला तर इंजिन, रेडिएटर, दुसरी बॅटरी, डीईएफची (एक्झॉस्ट स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी असं मिळून सहा-सातशे पौंड वाचतात आणि पेलोड ३,००० च्या घरात जातो. गंमत अशी की ज्या इंजिनात ताकद जास्त, त्याच ट्रकची पाठ कमी पेलते. पण तुमच्या बाबतीत पेट्रोलवालाही अडीचशेने कमीच पडतो. म्हणजे प्रश्न डिझेल की पेट्रोल हा नाहीच. तुम्हाला एक टनी ट्रक हवा, ३५० किंवा ३५०० वाला. तो घेतलात की मग इंजिनाची चर्चा करू.

कॅम्परच्या माहितीपत्रातलं ‘ड्राय वेट’ हिशोबात धरू नका. त्यात पाणी नसतं, भांडी-कपडे नसतात, बहुतेकदा बॅटरीही नसते. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड. नेहमी कॅम्परचं कमाल मंजूर वजनच धरा. शंका असेल तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, असतो. आधी माणसं आणि भरलेली टाकी यांसह नुसता ट्रक तोला, मग कॅम्पर जोडून तोला. ट्रकच्या दोन आसांचं वजन जेवढं वाढलं, तेवढं पिनचं खरं वजन. मागच्या आसाचा आकडा दारावरच्या आसाच्या मर्यादेशीही ताडून पाहा. टायर आणि स्प्रिंग आधी तिथेच हात टेकतात.

प्रश्न : पेट्रोलचा एक टनी ट्रक, मागे कॅम्पर, सगळं मिळून २०,००० पौंड. कोलोराडोत आय-७० महामार्गाचा घाट चढताना इंजिन ४,५०० आरपीएमवर किंचाळतं. बिघडेल का? डिझेल घ्यायला हवं होतं का?

बिघडत नाही. पेट्रोलचं मोठं व्ही-८ त्याच कामासाठी बनवलेलं असतं. किंचाळण्यामागचं कारण आकड्यांत आहे. फोर्डच्या ७.३ लिटर पेट्रोल इंजिनाची ४३० अश्वशक्ती ५,५०० आरपीएमला मिळते, जीएमचं ६.६ लिटर पेट्रोल ४६४ पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४,००० आरपीएमला देतं. उलट जीएमचं डिझेल ड्युरामॅक्स ९७५ पौंड-फूट फक्त १,६०० आरपीएमला देतं. जे काम एक आरडाओरडा करून करतो, तेच दुसरा हुंकार देऊन करतो.

समुद्रसपाटीला एवढाच फरक. त्या घाटातला आयझेनहॉवर बोगदा मात्र सुमारे ११,१०० फुटांवर आहे. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ. ४३० ची तिथे २९० उरते. आता गरज किती? २०,००० पौंड ६ टक्के चढावर ताशी ५० मैलांनी न्यायचे, तर नुसत्या चढापायी चाकांवर १६० अश्वशक्ती लागते. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध आणखी ८० च्या आसपास, गिअरबॉक्स आणि आसात हरवते ती वेगळी. इंजिनाकडून २८० हवी. म्हणजे पेडल तळाला टेकलेलं, आणि चढ ७ टक्के झाला की वेग चाळिशीत. उजव्या लेनमध्ये, धोक्याचे दिवे लावून, टो/हॉल मोडमध्ये (ओझं ओढण्यासाठीच्या गिअर-सेटिंगमध्ये) चढा. शीतकाचं तापमान आणि ट्रान्समिशनचं तापमान यांवर नजर ठेवा. टर्बो डिझेलला तीच उंची फारशी जाणवत नाही.

पण आमच्या मते डिझेलचे पैसे खरे वसूल होतात ते उतारावर. डिझेलमध्ये टर्बोची पाती मिटून एक्झॉस्ट अडवला जातो, त्याला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. बटण दाबलं की सात टक्के उतारावर पाय ब्रेकवर न ठेवता वेग धरून राहतो. पेट्रोलमध्ये गिअर खाली आणूनच वेग रोखावा लागतो, आणि इंजिन पुन्हा चार-साडेचार हजारांवर जातं. चुकतं ते इथे : माणसं आवाजाला घाबरून वरचा गिअर टाकतात आणि ब्रेक धरून बसतात. डिस्क तापते, पॅड गुळगुळीत होतात, मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. रीत अशी : उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली. वेग ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की ब्रेक ठामपणे दाबून ५ मैल कमी करा, मग पूर्ण सोडा. सतत हलका दाब हा सगळ्यांत वाईट. कॅम्परच्या ब्रेकचा गेनही (ते किती जोरात लागतात ते सेटिंग) घाटाआधी तपासा : सपाट मोकळ्या जागेत ताशी २५ मैलांवर हाताने कॅम्परच्या ब्रेकचा कंट्रोलर दाबा, कॅम्परने ठळक ओढ द्यावी, पण चाकं घासटू नयेत.

वर्षातून एकदा घाट असेल तर ट्रक बदलू नका. दर महिन्याला असेल तर बदला.

प्रश्न : डिझेल जास्त मायलेज देतं, म्हणजे जादा पैसे वसूल होतात ना?

इंधनातून क्वचितच. डिझेलच्या गॅलनमध्ये पेट्रोलपेक्षा १३-१४ टक्के जास्त ऊर्जा असते आणि ते इंजिन ती जास्त चांगली वापरतं, हे खरं. एक उदाहरण, सगळे आकडे मानून घेतलेले : वर्षाला ५,००० मैल कॅम्परसह आणि ५,००० मैल रिकामे. पेट्रोल ८ आणि १४ मैल प्रति गॅलन, डिझेल ११ आणि १८. पेट्रोल लागलं ९८२ गॅलन, डिझेल ७३२. पेट्रोल ३.२० डॉलर आणि डिझेल ३.८० धरलं, तर खर्च ३,१४२ विरुद्ध २,७८२. वाचले ३६०. त्यातून डीईएफ जातं, इंधनाच्या अडीच टक्के धरलं तर १८ गॅलन. शिवाय दोन इंधन फिल्टर, आणि ऑइल : फोर्डच्या ६.७ डिझेलला १३ क्वार्ट, ७.३ पेट्रोलला ८. हातात शंभरेक डॉलर उरले तर नशीब. ट्रक घेताना डिझेल इंजिनासाठी जे जादा मोजता, ते दहा हजारांच्या आसपास असतं.

विकताना त्यातला बराच भाग परत येतो, हे नाकारत नाही. पण हमी संपल्यावर डिझेलचा एखादा बिघाड सगळं गणित उलटवू शकतो. हाय-प्रेशर पंप आतून झिजून धातूचा चुरा इंधनात सोडू लागला, तर नुसता पंप बदलून भागत नाही. इंजेक्टर, रेल, नळ्या सगळं बदलावं लागतं. इंधन फिल्टर वेळेवर बदलणं आणि सेपरेटरमधलं (इंधनातलं पाणी वेगळं करणाऱ्या भागातलं) पाणी काढणं यात म्हणून कंजुषी करू नका. डिझेल सुखासाठी घ्या, बचतीसाठी नको.

प्रश्न : डिझेल ट्रक घेऊन आठ महिने झाले. कॅम्पर तीनदाच जोडला, एरवी शाळा आणि किराणा, रोज चार-पाच मैल. ‘एक्झॉस्ट फिल्टर भरला आहे’ असा संदेश वारंवार येतो.

दोष ट्रकचा नाही, दिनक्रमाचा आहे. २००७ नंतरच्या डिझेल पिकअपमध्ये काजळी धरणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. तो अधूनमधून सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापून काजळी जाळतो. त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं आणि वीस-तीस मिनिटं सलग चालावं लागतं. तुम्ही पाचव्या मिनिटाला किल्ली काढता. काम अर्धं राहतं, फवारलेल्या डिझेलपैकी थोडं ऑइलमध्ये उतरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डिपस्टिक काढून बघा : पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर मैलांची वाट न पाहता ऑइल बदला.

आठवड्यातून एकदा हायवेवर ताशी ६० मैलांनी अर्धा-पाऊण तास चालवा. आयडल जरा वर गेलं, पंखा जोरात फिरतोय, जळका वास येतोय, तर जाळण्याचं काम चालू आहे असं समजा आणि घरी पोचलात तरी आणखी एक फेरी मारून या. अशा वेळी वाळलेल्या गवतावर ट्रक उभा करू नका. फिल्टर ‘डिलीट’ करून देणारे भेटतील. ते संघराज्याच्या क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदेशीर आहे.

आणि खरं सांगायचं तर या वापराला पेट्रोलच हवं होतं.

प्रश्न : निळ्या झाकणात डीईएफ ओतायचं ते घाईत डिझेलच्या टाकीत गेलं. अर्धा गॅलनच आहे. भरपूर डिझेल भरून चालेल का?

नाही. किल्लीसुद्धा फिरवू नका. नुसतं इग्निशन चालू केलं तरी टाकीतला पंप सुरू होऊन ते पुढे ढकलतो. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते डिझेलमध्ये मिसळत नाही. जड असल्याने तळाला बसतं, आणि तिथूनच इंधन खेचलं जातं. ट्रक टो करून न्या आणि टाकी उपसून घ्या. इंजिन सुरू केलं नसेल तर बहुधा टाकी साफ करण्यावर निभावेल. सुरू केलं असेल तर वर सांगितलेली पंप-इंजेक्टरची यादी पुन्हा वाचा.

डिझेलमध्ये पेट्रोल पडलं तरी हीच शिस्त. पेट्रोलला वंगण नसतं आणि पंप डिझेलच्याच वंगणावर जगतो. पेट्रोलची बारीक नळी डिझेलच्या तोंडात सहज जाते, त्यामुळे ही चूक सोपी आहे. हँडलच्या रंगावर विसंबू नका. हिरवा म्हणजे डिझेल हे सगळीकडे खरं नाही. पंपावरची अक्षरं वाचा.

प्रश्न : मिनेसोटात राहतो. हिवाळ्यात डिझेलचं काय?

थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बुजतो. स्थानिक पंपांवर हिवाळी मिश्रण मिळतं. धोका असतो तो दक्षिणेत भरलेली टाकी घेऊन उत्तरेला परतणाऱ्यांना; अँटी-जेल (मेण गोठू न देणारं रसायन) थंडी पडण्याआधी घाला, गोठल्यावर त्याचा उपयोग होत नाही. रात्री ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा) लावा. डीईएफ उणे ११ अंश सेल्सिअसला गोठतं, पण टाकीत हीटर असतो. त्याची काळजी नको.

प्रश्न : ६,००० पौंडांचा साधा ट्रॅव्हल ट्रेलर आणि अर्ध्या टनाचा ट्रक. लहान डिझेल घेऊ की टर्बो पेट्रोल?

दोन्ही चालतील. फोर्डचं ३.५ लिटर टर्बो पेट्रोल ५०० पौंड-फूट देतं, जीएमचं ३ लिटर डिझेल ४९५. टर्बो असल्याने उंचीवर दोघंही टिकतात. ओढताना टर्बो पेट्रोल इंधन पितं, लांब पल्ल्याला डिझेल सरस. शहरातल्या छोट्या फेऱ्या जास्त असतील तर पेट्रोल. टंग वेट (ट्रेलरचा हिचवर येणारा भार) १० ते १५ टक्के, म्हणजे ६०० ते ९०० पौंड, आणि अर्ध्या टनाच्या सजवलेल्या मॉडेलांचा पेलोड कधी कधी १,४०० च्या आतच असतो : सनरूफ, तापणाऱ्या सीट, मोठी चाकं, सगळं त्यातूनच वजा होतं. शोरूममध्ये सीटवर बसण्याआधी दाराचा स्टिकर वाचा.