कळ थांबली, खडा मात्र तिथेच?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी एस.टी.त चालक आहे, वय ४३, राहणार लातूर जिल्हा. तीन आठवड्यांपूर्वी मुक्कामाच्या गाडीवर असताना पहाटे उजव्या कुशीत अशी कळ निघाली, की धड बसवेना ना उभं राहवेना. दोन उलट्या झाल्या. इंजेक्शन दिल्यावर आराम पडला. सोनोग्राफीत उजव्या मूत्रनलिकेत अगदी खाली ८ मिमीचा खडा आणि त्या किडनीला मध्यम सूज असं आलंय. डाव्या किडनीत ६ मिमीचा आणखी एक आहे. एका डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली, तर मेडिकलवाला म्हणतो ही प्रोस्टेटची आहे. दुसरे डॉक्टर म्हणतात दुर्बिणीने काढा. मेहुण्याचं म्हणणं, मशीनने बाहेरूनच फोडून घ्या. सासूबाई रोज पानफुटीची पानं आणि हुलग्याचं माडगं देतायत. गेले बारा दिवस काहीच दुखलेलं नाही. खडा विरघळला असेल का? वडिलांच्या कमरेवर मुतखड्याच्या ऑपरेशनची वीतभर खूण आहे, ती आठवली की पोटात गोळा येतो.

उत्तर : तुमचं सगळं पत्र वाचलं. त्यातलं 'बारा दिवस काहीच दुखलेलं नाही' हे वाक्य मला खटकलं.

मुतखड्याची कळ खडा टोचल्यामुळे येते असा समज आहे. खरं म्हणजे खडा नळीत अडकतो, वर लघवी तुंबते, किडनी ताणली जाते आणि त्या ताणाची ती कळ असते. तुंबारा असाच राहिला, तर काही दिवसांनी ती किडनी लघवी बनवणंच कमी करते. ताण उतरतो, दुखणं थांबतं. लघवी रोजच्यासारखी होत राहते, कारण एक बैल बसला तरी दुसरा गाडी ओढतो. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिनही पुष्कळदा ठीक येतं. माझ्याकडे एक शेतकरी आले होते. ऐन पेरणीत कळ आली, थांबली, म्हणून ते पुन्हा रानात गेले. आठ महिन्यांनी भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, तर त्या बाजूची किडनी म्हणजे पाण्याने भरलेली पातळ पिशवी उरली होती. खडा होता तिथेच, हरभऱ्याएवढा.

तुमचा खडा पडूनही गेला असेल. ते कळायला एकच मार्ग: या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी, पोटाचा एक्स-रे, लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून खूश होऊ नका, कारण युरिक ॲसिडचे खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. शंका राहिली तर साधा सीटी स्कॅन करतात, त्यात जवळजवळ सगळेच खडे सापडतात. आणि मध्येच थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की काही तासांत जिवावर बेततं.

आता गोळीचं. मेडिकलवाला चुकीचं बोलला नाही, डॉक्टरही चुकले नाहीत. ती गोळी मूळची प्रोस्टेटसाठीच आहे. पण मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाचे स्नायूही तिने सैल पडतात, म्हणून तिथे अडकलेल्या खड्यासाठी आम्ही ती देतो. तिने काहींचं ब्लड प्रेशर उतरतं, उठताना गरगरतं. तुमच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात, तेव्हा गोळी रात्री जेवणानंतरच घ्या आणि चक्कर जाणवली तर स्टिअरिंगला हात लावू नका. ५ मिमीपर्यंतचे खडे दहापैकी सहा-सात जणांचे आपसूक पडतात. ५ ते १० मधले जेमतेम निम्मे. तुमचा ८ चा आहे आणि तीन आठवडे उलटलेत. नव्या सोनोग्राफीत तो तिथेच असेल आणि सूज तशीच असेल, तर मी आणखी थांबणार नाही.

मेहुण्याचं मशीन चांगलं आहे, त्याची गोष्टही मजेशीर आहे. जर्मनीतल्या डॉर्निअर या विमान कंपनीचे इंजिनिअर, भन्नाट वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की पत्र्यात कसे धक्के पसरतात, ते पाहत होते. त्यातून ही कल्पना निघाली. १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवून बाहेरच्या धक्क्यांनी खडा फोडला. आता टब लागत नाही. मात्र मशीन खडा फोडतं, काढत नाही. चुरा तुम्हालाच लघवीतून टाकावा लागतो, कधी दोन-तीन बैठका होतात. सीटीच्या रिपोर्टात 'एचयू' म्हणून एक आकडा असतो, तो हजाराच्या वर असेल तर खडा टणक आणि मशीन बहुधा हरतं. तुमच्यासारख्या खाली बसलेल्या ८ मिमीच्या खड्याला माझं मत दुर्बिणीच्या बाजूने. कमरेखाली भूल देऊन लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण घालतात, लेझरने खडा फोडतात, तुकडे काढून घेतात. कुठेही चिरा नाही. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी.

वडिलांची ती खूण जुन्या काळातली. आता २ सेंमीहून मोठा खडा किडनीत असला तरी पाठीतून साधारण सेंटीमीटरभर छिद्र पाडून काढतात. तुम्हाला तेवढंही लागणार नाही. खर्चाची काळजी असेल तर रेशनकार्ड घेऊन, जिथे महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू आहे अशा रुग्णालयात विचारा. मुतखड्याच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत.

डावीकडचा ६ मिमीचा खडा सध्या गप्प आहे. एखाद्या दुकानदाराला मी म्हटलं असतं, राहू द्या, वर्षाला एक सोनोग्राफी करा. पण घाटात चालत्या गाडीवर तो नळीत उतरला तर? उजवीकडचं निस्तरलं की त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी वेगळं बोला.

सासूबाईंना दुखवू नका. माडगं पातळ करून प्या, पोटात पाणी तरी जाईल. पण ८ मिमीचा खडा पानफुटीने विरघळलेला मी पाहिलेला नाही. औषधाने विरघळतात ते फक्त युरिक ॲसिडचे, आणि त्यालाही लघवीचा आम्लपणा कमी करणारं औषध काही आठवडे, तपासण्या करत घ्यावं लागतं. म्हणून लघवी गाळून बघा. बारीक गाळणी घ्या, अर्थात चहाची सोडून. खडा सापडला तर लॅबमध्ये द्या, कशाचा आहे ते कळू द्या. एका कंडक्टरने मला खडा तिकिटाच्या पुडीत बांधून आणून दिला होता. भिंगाखाली पाहिला तर गोखरूसारखे काटे.

तुमच्या खड्याचं मूळ कुठे असावं, याचा अंदाज आहे. स्टँडशिवाय गाडी थांबवता येत नाही म्हणून तुम्ही पाणीच पीत नसाल. सगळे चालक हेच करतात. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी तीन-साडेतीन लिटरहून जास्त पाणी लागतं. लघवीचा रंग पातळ लिंबू सरबतासारखा असला म्हणजे झालं. बोअरच्या क्षाराच्या पाण्याला शिव्या देत निम्मंच पाणी पिणारे भेटतात, त्याने जास्त नुकसान होतं. दूध बंद करू नका. टोमॅटोच्या बियांना विनाकारण बदनाम केलंय. मीठ मात्र कमी करा, म्हणजे ढाब्यावरचं लोणचं, पापड, खारे शेंगदाणे. पालक आणि अळू रोज नको.

शेवटी त्या नळीचं, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. दुर्बिणीनंतर बऱ्याचदा आत डीजे स्टेंट ठेवतात. म्हणजे मऊ नळी, एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात, दोन्ही टोकं इंग्रजी जे सारखी वळलेली. ती असेपर्यंत लघवीला सारखं जावंसं वाटतं, कधी लघवी लालसर होते, लघवी करताना कमरेत दाटतं. त्याला घाबरू नका. पण ती काढावीच लागते, बहुधा दोन ते सहा आठवड्यांत. सात वर्षं नळी विसरलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि दुखत नव्हतं. नळीवर चुन्याची पुटं चढून ती बोटाएवढी जाड झाली होती, दोन्ही टोकांना नवे खडे. पहिल्या खड्याला अर्धा तास लागला असेल, ही नळी काढायला तीन ऑपरेशनं लागली. तुम्हाला स्टेंट घातलाच, तर डिस्चार्ज कार्डावर काढायची तारीख लिहून घ्या आणि घरी गेल्या गेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती लाल गोल करा. ड्युटीवर असाल तर सासूबाई आठवण करतील.