टम्बलर कोणता घ्यावा? पितळी पुंगळ्यांच्या सफाईबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रिलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणं, नुकतंच सुरू केलं आहे. पिस्तुलाच्या पुंगळ्या जास्त, रायफलच्या थोड्या. पुंगळ्या घोळवून साफ करणारं यंत्र, म्हणजे टम्बलर, कोणता घेऊ : कोरडा, थरथरणारा (व्हायब्रेटरी) की पाण्यावर चालणारा, स्टीलच्या पिनांचा? ओल्या सफाईनंतर पुंगळ्या अगदी नव्यासारख्या दिसतात म्हणे.

उत्तर : दिसतात, यात शंका नाही. तरी पहिलं यंत्र म्हणून मी व्हायब्रेटरीच घ्यायला सांगेन. सफाई कशासाठी करायची ते आधी पाहू. पुंगळीला चिकटलेला वाळूचा कण डायमध्ये, म्हणजे पुंगळीला पुन्हा आकार देणाऱ्या साच्यात, गेला की डायला ओरखडा पडतो आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तो उमटत राहतो. दुसरं म्हणजे, काजळी निघाल्याशिवाय तोंडाजवळची बारीक चीर दिसत नाही. रायफलच्या पुंगळीत बुडाच्या जरा वर एक उजळ कडं दिसू लागलं, तर ती तिथून तुटायला आली आहे असं समजावं. हे कडंही मळाखाली लपून राहतं. डाय वाचवणं आणि दोष नजरेला पडणं, या दोन्ही कामांना कोरडी सफाई पुरते. झळाळीने नेम सुधारत नाही.

घेताना वाडग्याची क्षमता बघा आणि वाटते त्यापेक्षा एक माप मोठा घ्या. छापलेला आकडा काठोकाठ भरल्यावरचा असतो. भरडा (मळ घासून काढणारे कोरडे दाणे) आणि पुंगळ्या घालून यंत्र सुरू केलं की वरून पाहा : पुंगळ्या एका बाजूने वर येऊन दुसऱ्या बाजूला भरड्यात बुडायला हव्यात. वरच्या वर नुसत्या थरथरत पडल्या असतील तर भरणा जास्त झाला आहे, थोड्या काढा. मोटरच्या हवेच्या फटी मोकळ्या ठेवा, आणि चालू यंत्र सोडून घराबाहेर जाऊ नका.

भरडा दोन प्रकारचा मिळतो. अक्रोडाच्या कवचाचा मळ लवकर काढतो. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा चकाकी चांगली देतो. दोन्हीपैकी जो घ्याल तो बारीक दाण्याचा घ्या. जाड दाणा फ्लॅश होलमध्ये, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी जाण्याच्या भोकात, अडकतो आणि मग एकेक पुंगळी टोचत बसावं लागतं. टम्बलरमध्ये टाकण्याआधी मापांप्रमाणे निवडून घ्या. ९ मिलिमीटरची पुंगळी .४० (हे माप इंचात) मध्ये जाऊन बसते, .४० ची .४५ मध्ये, आणि अशा अडकलेल्या जोड्या आतून मळक्याच राहतात.

प्रश्न : माझ्याकडे फिरत्या ड्रमचा ओला टम्बलर आहे. गेल्या खेपेला पुंगळ्या गुलाबीसर होऊन निघाल्या. रायफलच्या पुंगळ्यांच्या तोंडाची कडही बोथट झाल्यासारखी लागते. यंत्रात दोष आहे का?

उत्तर : यंत्रात नाही, प्रमाणात आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. धुण्याच्या पाण्यात आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, जास्त झालं किंवा पुंगळ्या त्यात फार वेळ राहिल्या, की पृष्ठभागावरचं जस्त विरघळतं, तांबं मागे उरतं आणि गुलाबी झाक येते. ती बहुधा वरवरचीच असते, कोरड्या भरड्यात फिरवली की जाते. धातूला खड्डे पडलेले दिसले तर मात्र ती पुंगळी बाद करा. लिंबूसत्त्व चिमूटभर पुरतं. सोबत भांडी घासायच्या द्रव साबणाचे थोडे थेंब.

१५ पौंडी ड्रमसाठी रुळलेलं प्रमाण असं आहे : ५ पौंड स्टीलच्या पिना, २ पौंड पुंगळ्या, १ गॅलन पाणी. म्हणजे सुमारे सव्वादोन किलो पिना, किलोच्या आत पुंगळ्या आणि पावणेचार लिटर पाणी. पाणी किंवा पिना कमी पडल्या की पुंगळ्या एकमेकींवर आदळतात. तोंडाची कड ठोकली जाते ती त्यातून, आणि तासन् तास ड्रम फिरवल्यानेही. म्हणून वेळ कमी करा, आणि लांबी कापणं, कड साफ करणं ही कामं धुण्यानंतर करा.

ओल्या पद्धतीचा खरा फायदा हवा असेल तर वापरलेले प्रायमर, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, आधी काढा. तरच त्यांची खोबण साफ होते आणि नीट वाळतेही. वाळवण्याबाबत मी काटेकोर आहे. खोबणीत उरलेला पाण्याचा थेंब नव्या प्रायमरला निकामी करू शकतो. मंद गरम हवा सर्वांत बरी, १०० अंश सेल्सिअसच्या आतली. आच वाढवून घाई करू नका. साधारण २५० अंशांच्या पुढे पितळ मऊ पडायला लागतं, आणि पुंगळीचं बूड कडकच राहायला हवं, कारण बार उडतानाचा दाब तिथे झेलला जातो. शेवटी प्रत्येक पुंगळी उजेडात धरून आत पाहा. फ्लॅश होलमध्ये दोन पिना जोडीने रुतून बसतात, आणि लहान तोंडाच्या पुंगळ्यांत हे जास्त होतं.

प्रश्न : अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या) यंत्राने काम भागेल का?

उत्तर : मळ निघेल, आतला आणि खोबणीतलाही. चकाकी येणार नाही. थोड्याच पुंगळ्या असतील तर चांगला पर्याय आहे. वाळवणं मात्र चुकत नाही.

प्रश्न : घरातलं पितळ उजळायचं पॉलिश भरड्यात चमचाभर टाकलं तर चालेल?

उत्तर : त्यात अमोनिया असेल तर थेंबभरही नको. यामागे इतिहास आहे. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेचा काडतुसांचा साठा पावसाळ्यात तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस सरल्यावर काढायला जावं तर पितळी पुंगळ्यांना चिरा गेलेल्या. कारणाचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला : घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळात उरलेला ताण, या दोघांनी मिळून धातू फोडला होता. इंग्रजीत या दोषाला आजही ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात. तुमच्या पुंगळीतही तो ताण असतोच. पुंगळ्यांसाठी बनवलेलं, अमोनिया नसलेलं पॉलिश घ्या.

प्रश्न : घरात लहान मूल आहे. टम्बलर बाल्कनीत ठेवला तर पुरे ना?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांनीच विचारायला हवा. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. बार झाल्यावर ते काजळीत उतरतं, काजळीतून भरड्यात, आणि झाकण उघडताच धुळीबरोबर हवेत. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार घातक असतं. बाल्कनीत मूल खेळत असेल, कपडे वाळत असतील, तर ती जागा नको. घरापासून वेगळी, मोकळ्या हवेची जागा शोधा. झाकण लावूनच चालवा आणि बंद केल्यावर धूळ बसू द्या. चाळताना हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क घाला. भरड्यात कागदी रुमालाच्या पट्ट्या टाकल्या की बरीच धूळ त्यांना चिकटते. काळ्या पडल्या की बदला. सांडलेलं झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. काम संपल्यावर हात साबणाने धुवा, कपडे बदला, मगच मुलाला उचला.

अशी जागा नसेल तर ओला टम्बलर घ्या. पहिल्या उत्तरातला माझा कौल तुमच्यापुरता मी बदलतो. त्यात धूळ उडत नाही, पण शिसं पाण्यात येतं. ते पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका आणि स्वयंपाकाचं एकही भांडं या कामाला वापरू नका. काळं पाणी आणि जुना भरडा घातक कचऱ्याच्या स्थानिक नियमांप्रमाणेच टाका.

प्रश्न : भरून तयार झालेल्या काडतुसांवर, पुंगळीला आकार देताना लावलेल्या वंगणाचा चिकटपणा राहतो. तीच टम्बलरमध्ये थोडा वेळ फिरवली तर?

उत्तर : फिरवणारे आहेत, पण मी नाही म्हणेन. दारूच्या दाण्यांवर ज्वलनाचा वेग आवरणारा लेप असतो. तो घासला जाण्याची जोखीम चकाकीसाठी कशाला घ्यायची? पुंगळीला आकार दिल्यावर, प्रायमर बसवण्याआधी, रिकामी असतानाच कोरड्या भरड्यात अर्धा तास फिरवा. वंगण तिथेच निघून जाईल. तयार काडतूस फडक्याने पुसा.