तारीख मालकाची, चार्ट माझा

"मॅडम, कोर्समधलं इथं काहीच चालंना. चार्ट मीच करायलो, अन् उशीर झाला की बोलणी बी मीच खायलो. मी कमी पडायलो का शिक्षणच फुकट गेलं?"

छत्रपती संभाजीनगरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला अनेक तरुण इंजिनिअर विचारतात. हा परभणीकडच्या खेड्यातला, वाळूज एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात प्रोजेक्ट इंजिनिअर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कोर्सची फी वडिलांनी कापसाच्या पैशातून भरलेली. त्यामुळे हुकलेली प्रत्येक तारीख त्याला वडिलांचे बुडालेले पैसे वाटायची. रात्री दोनला उठून मोबाइलवर चार्ट, म्हणजे कोणतं काम कधी संपायचं याचं वेळापत्रक, बघत बसायचा.

धीर देण्याआधी मी त्याला एक काम दिलं. पंधरा दिवस, काम लांबलं की वहीत लिहायचं: का लांबलं, आणि ती तारीख मुळात कुणी दिली होती.

हार्डनिंगला (भट्टीत तापवून कडक करायला) बाहेर दिलेला डाय, म्हणजे साचा, वेळेत परत आला नव्हता. वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) दुसऱ्या ग्राहकाचं तातडीचं काम चढलं होतं. महालक्ष्म्यांना निम्मी टूलरूम, म्हणजे साचे बनवणारी माणसं, गावाकडे गेली होती. भाद्रपदात हे होणारच, मराठवाड्यात कुणालाही ठाऊक असतं. त्याच्या स्वतःच्या घरी महालक्ष्म्या बसतात, तरी चार्टमध्ये ते तीन दिवस पूर्ण हजेरीचे धरलेले! दुसऱ्या रकान्यात मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीला एकच उत्तर होतं: मालक.

इथे मला त्याच्या पुस्तकाची बाजू घ्यावीशी वाटली. पर्ट ही कामांना किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायची पद्धत १९५८च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झाली. त्यातली कितीतरी कामं आधी कुणी केलेलीच नव्हती, म्हणून एका कामाचे तीन अंदाज घ्यायचे: सगळं सुरळीत गेलं तर, नेहमीसारखं गेलं तर, आणि बिघडलं तर. समजा ४, ६ आणि १४ दिवस. मधल्याला चारपट वजन देऊन बेरजेला सहाने भागलं की ७ येतात. गणित त्याला तोंडपाठ होतं. मी विचारलं, "हे तीन आकडे टूलरूममध्ये कुणाला विचारलेत?"

कुणालाच नाही. मालकाने ग्राहकाला कबूल केलेल्या तारखेपासून तो उलटा मोजत यायचा. शिकलेलं चुकीचं नव्हतं, ते वापरलंच गेलं नव्हतं. हे ऐकून तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. तारीख बदलायची मुभा त्याला होती कुठे?

खरी गाठ तिथेच होती. पुस्तकात प्रोजेक्ट चार्टर असतो, मॅनेजरचे अधिकार त्यात लिहिलेले असतात. याच्याकडे नुसता हुद्दा. माणसं फोरमनची, पैसा मालकाचा. अशा रचनेलाही पुस्तकात वीक मॅट्रिक्स असं नाव आहे, आणि तिथे याची जागा समन्वयकाची असते. दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाचा दोष समन्वयकाने रात्रभर उशाशी घेऊन निजावं, हा मला अन्याय वाटतो. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

मग तो टूलरूममधल्या जुन्या मामांजवळ जाऊन बसला. मामा म्हणाले, "हार्डनिंगवाला शनिवारीच भट्टी लावतो. शुक्रवारी डाय गेला नाही, की गेला आठवडा." कोणत्याही सॉफ्टवेअरने त्याला हे सांगितलं नसतं.

मालकाशी कसं बोलायचं याचा सराव आम्ही माझ्या खोलीत केला. "उशीर होईल" असं म्हणायचं नाही. "सर, ठरल्या तारखेला सॅम्पल हवं असेल तर वायरकटवरचं दुसरं काम थांबवावं लागेल. नाहीतर तारीख आठ दिवस पुढे जाईल. कोणतं करू?" आणि मिळेल ते उत्तर त्याच दिवशी ई-मेलवर लिहून पाठवायचं.

मालक आधी वैतागले, मग दुसरं काम थांबवलं. पुढच्या महिन्यात मात्र कुणालाही न विचारता त्यांनी ग्राहकाला पुन्हा तारीख देऊन टाकली. त्या रात्री तो झोपला. नोकरी बदलायची की नाही हे त्याने सकाळी, घरच्यांशी बोलून ठरवलं. सध्या शोधतो आहे, आणि मुलाखतीत तारखा कोण ठरवतं हे आधी विचारतो.